सकर माशाची कुळकथा

इतिहासाच्या मालेत आज मासा कुठून आला, असं काहींना वाटेल. पण इतिहास काही फक्त राजांचा नसतो. वनस्पती, जनावरं, रोगजंतू हेही खंड ओलांडून येतात, आणि आले की इथलेच होऊन बसतात. मिरची आली, बटाटा आला, गाजरगवत आलं. तसा एक मासा आला आहे. शेगाव, खामगाव, अकोल्याच्या दुकानांत त्याला ‘सकर’ म्हणतात, कोणी ‘क्लीनर’ म्हणतं. काचेला तोंड चिकटवून बसलेला काळपट, चिलखत घातल्यासारखा मासा तुम्ही पाहिलाच असेल. आणि वरवट बकालसारख्या गावातही आता कोणाच्या तरी ओसरीत काचेची टाकी दिसते, त्यात हा असतोच.

आम्ही आज दोन गोष्टी सांगणार आहोत. एक, या माशाचं कूळ कुठलं आणि तो घरातल्या टाकीत पिल्लं कसा देऊ लागला. दुसरी, तोच मासा टाकीबाहेर गेला की काय होतं. या दोन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे. हा मासा गुहेत अंडी घालतो, आणि अंड्यांपाशी बाप बसतो.

सुरुवात नावापासून करू. युरोपात या माशाची ओळख झाली ती सुरिनामहून आलेल्या वाळवलेल्या, दारूत ठेवलेल्या नमुन्यांवरून. सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत. ग्रोनोव्हियस या डच अभ्यासकाने १७५४ मध्ये ‘प्लेकोस्टोमस’ हा शब्द वापरला. ग्रीकमधून घडवलेला, अर्थ साधारण ‘घडी पडलेल्या तोंडाचा’. चार वर्षांनी, १७५८ मध्ये, लिनियसने त्याला आपल्या मोठ्या यादीत घेतलं, पण घातलं कुठे? स्टर्जन माशांच्या खात्यात! चिलखत दिसलं, तोंड खाली दिसलं, आणि बसवला स्टर्जनशेजारी. हा मासा मुळात शिंगाड्या-शिंगटीच्या, म्हणजे कॅटफिशच्या जातकुळीतला, हे नंतर स्पष्ट झालं. पण ‘प्लेको’ हे नाव तेवढं उरलं, आणि आज जगभरचे हौशी लोक तेच वापरतात.

पुढचा टप्पा ब्राझीलचा. ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना लग्न होऊन ब्राझीलला निघाली, तेव्हा १८१७ मध्ये तिच्याबरोबर निसर्ग-अभ्यासकांची एक तुकडी गेली. त्यात योहान नाटेरर होता. बाकीचे परतले, हा गडी १८३५ पर्यंत तिथेच राहिला. अठरा वर्षं! त्याने जमवलेले मासे व्हिएन्नाच्या संग्रहालयात गेले. रुडॉल्फ क्नेर याने त्यांवर काम करून १८५४ मध्ये ‘अँसिस्ट्रस’ हा गण मांडला. नावाचा अर्थ गळ, आकडा. माशाच्या गालांवर आकड्यांसारखे काटे असतात, त्यावरून. आज ज्याला दुकानात ‘ब्रिस्टलनोज’ म्हणतात, मिशांचा सकर म्हणतात, तो याच गणातला.

आता गंमत पाहा. त्याच १८५४ साली लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं होतं. म्हणजे एकीकडे माशाचं कूळ कागदावर ठरत होतं, दुसरीकडे काचेच्या टाकीत पाणी, वनस्पती आणि मासा यांचा समतोल ठेवायची हौस जन्माला येत होती. दोघांची गाठ पडायला मात्र बराच काळ जावा लागला.

इथे आम्ही थोडे आपल्या घरी येतो. कारण त्याच काळात दख्खनमध्येही माशांची नोंद चालली होती, आणि ती निराळ्या तऱ्हेने. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी, मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अहवाल तयार करायला नेमलेला. त्याने भीमेच्या खोऱ्यातले मासे पाहिले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय नावं प्रसिद्ध केली. ही नावं वाचून बघा: सींगटी, ताकरी, गुंगवारी, फुलंगी, बोग्गट, मुल्या. ही नावं लॅटिन-ग्रीकमधली नव्हेत, मंडळी. आपल्या भोयांनी, कोळ्यांनी सांगितलेली नावं त्याने जशीच्या तशी शास्त्राच्या वहीत घातली. त्यातला ‘मुल्या’ म्हणजे खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा आपला मासा, ‘गारा मुल्या’. म्हणजे दगडाला तोंड लावून बसणारा मासा आपल्या नद्यांत होताच, त्याला नावही होतं. सकरला मात्र मराठी नाव अजून नाही. ज्याला नाव मिळत नाही त्याच्याकडे माणूस परका म्हणूनच बघतो, आणि या बाबतीत ते बरंही आहे असं आमचं मत आहे.

महाराष्ट्रात घरात मासे पाळायची हौस पसरली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. मुंबईला चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. विकाजी तारापोरवाला या पारशी गृहस्थांच्या देणगीतून. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दोन-तीन पिढ्यांनी मुंबई पाहिली ती राणीचा बाग आणि तारापोरवाला अशी. वऱ्हाडातून सहलीला गेलेली पोरंसुद्धा काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहत. पुढे दुकानं झाली, चेन्नईजवळ कोळत्तूरसारख्या ठिकाणी शोभेच्या माशांची पैदास हा घरोघरचा धंदा झाला, कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातून मासे प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून देशभर जाऊ लागले. त्या पिशव्यांतून सकर आला. ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला गेला. खरं तर तो काचेवरचं शेवाळ थोडंफार खातो आणि त्याहून जास्त घाण करतो. लाकूड चघळणाऱ्या माशाची विष्ठा किती असते, हे ज्याने टाकीचा तळ उपसला आहे त्यालाच विचारा.

तर आता गुहेकडे. ज्याला प्लेको म्हणतात त्या कुळात आज हजारावर जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या कित्येक जातींत नर एखादी कपार, पोकळ ओंडका, काठाचं बीळ ताब्यात घेतो. मादी आत येते, केशरी-पिवळ्या मोठ्या अंड्यांचा घोस चिकटवते, आणि निघून जाते. मग सगळं बापाचं काम. तो कल्ल्यांच्या मागच्या परांनी पंखा घालतो, तोंडाने अंडी साफ करतो, खराब अंडं काढून टाकतो. ब्रिस्टलनोजच्या बाबतीत २६-२७ अंश तापमानाला पाचेक दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पिवळ्या पिशवीसकट गुहेच्या छताला तोंडाने लटकतात, आणि आठवडाभरात पिशवी शोषून बाहेर पडतात. तोवर बाप दारात आडवा. या काळात तो फारसा खातही नाही.

नराच्या नाकावरच्या मिशांविषयी एक फार सुंदर कल्पना आहे. १९९९ मध्ये साबाय, आर्मब्रस्टर आणि पेज या अभ्यासकांनी मांडली. मादीला आधीच पिल्लं सांभाळणारा नर पसंत पडतो, कारण त्याने बाप म्हणून स्वतःला सिद्ध केलेलं असतं. मग ज्याच्याकडे पिल्लं नाहीत त्याने काय करावं? त्याच्या थोबाडावरच्या मऊ मिशा पिल्लांसारख्या वळवळतात. म्हणजे मिशा ही पिल्लांची नक्कल! ही कल्पना अजून कल्पनाच आहे, पण टाकीसमोर बसून नर पाहिला की ती पटते, एवढं आम्ही सांगू शकतो.

हे कुतूहल फक्त प्रयोगशाळेतलं नव्हतं. पनामाच्या एका ओढ्यात मेरी पॉवर या संशोधिकेने १९८० च्या आसपास हेच मासे पाहिले. तिला दिसलं की काठाजवळच्या उथळ पाण्यात शेवाळाचे हिरवे पट्टे तसेच राहतात, आणि खोल पाण्यातले दगड चाटूनपुसून स्वच्छ. कारण? उथळ पाण्यात बगळे-खंड्यांची भीती. मासा उपाशी राहील, पण तिकडे जाणार नाही. ओढ्याच्या काठावरची हिरवी रेघ म्हणजे पक्ष्यांच्या धाकाची रेघ. आपल्या सातपुड्यातल्या ओढ्यांना उन्हाळ्यात अशी रेघ दिसते का, हे तुम्ही जाऊन बघा. आपल्याकडे ‘मुल्या’ आहेच.

हौशी लोकांच्या इतिहासात मोठं वळण आलं १९८८ मध्ये. ब्राझीलमधून इतक्या नव्या जाती येऊ लागल्या की शास्त्रज्ञांना नावं द्यायला वेळ पुरेना. तेव्हा ‘डाट्झ’ नावाच्या जर्मन मासिकाने त्यांना नुसते क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल-१, एल-२, एल-३... साइक्सने भोयाला नाव विचारलं होतं. इथे नाव विचारायला कोणी गेलंच नाही, व्यापाऱ्याची पेटी उघडली, फोटो काढला, नंबर दिला. आम्हाला या पद्धतीची सोय कळते, पण तिच्यात काहीतरी हरवलं हेही खरं.

या क्रमांकांतला सगळ्यात गाजलेला एल-४६, म्हणजे झेब्रा प्लेको. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, बोटाएवढा. १९९१ मध्ये त्याला ‘हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा’ हे नाव मिळालं. हा मासा जगात एकाच ठिकाणी आहे, ब्राझीलच्या शिंगू नदीच्या मोठ्या वळणात, खडकांच्या कपारींत. आणि त्याच वळणावर बेलो मोंटे धरण झालं, २०१६ मध्ये तिथली वीज सुरू झाली. वळणातलं पाणी वळवलं गेलं. ब्राझीलने त्याची निर्यात आधीच बंद केली होती, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातही त्याच्यावरचे निर्बंध आणखी कडक झाले. आज जर्मनी-जपानपासून कुठे कुठे घरच्या टाक्यांत, मातीच्या छोट्या नळ्यांत त्याची पिल्लं निघतात. नदीत तो राहील की नाही, सांगता येत नाही. टाकीत राहील. धरणाने विस्थापित झालेल्या माणसांच्या कथा आपल्याला माहीत आहेत, हा विस्थापित मासा. आणि हो, भारतात २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन सायटिसच्या यादीतले परदेशी जीव बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी आली आहे. कोणी हौसेने महागडा मासा मागवत असेल तर आधी ते पाहावं.

आपल्या भागात शक्य आहे तो साधा ब्रिस्टलनोज. त्याची गंमत अशी की दुकानातला हा मासा नेमका कोणत्या जातीचा, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कित्येक पिढ्या टाकीतच वाढला, मिसळला. आता तो गावरान कोंबडीसारखा पाळीव झाला आहे.

आणि आता खरा प्रश्न येतो तो पाण्याचा. तुम्हाला माहीत आहे, पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत किडनीच्या आजारांची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. म्हणून वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली, गावोगावी आरओच्या पाण्याचे जार आले. (जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणारचं सरोवर. तिथलं पाणी तर इतकं क्षारयुक्त की मासाच राहू शकत नाही. आमच्या जिल्ह्याला पाण्याच्या बाबतीत निसर्गाने बरीच परीक्षा दिली आहे.)

अशा ठिकाणी प्लेकोची पैदास कशी करायची? ब्रिस्टलनोज मध्यम जड पाणी सोसतो. पण खारपाणातल्या बोअरचं निव्वळ पाणी अंड्यांना आणि पिल्लांना जड जातं. काही हौशी पोरं आरओचं पाणी टाकीत भरतात. आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो, जिथे बाया जार घेऊन रांगेत उभ्या असतात तिथे माशासाठी शंभर लिटर आरओ वापरणं शोभत नाही. त्यापेक्षा पागोळीचं पाणी धरा. पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, नंतरचं पाणी झाकलेल्या ड्रममध्ये साठवा, आणि बोअरच्या पाण्यात मिसळा. पावसाचं पाणी मऊ असतं. शिवाय दुसरा फायदा: ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हे मासे पावसाची चाहूल लागली की जोडी जमवतात. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलून थोडं गार, मऊ पाणी घातलं की नर गुहेत जाऊन बसतो. मृगाचा पाऊस माशालाही कळतो म्हणा ना.

गुहेसाठी महागड्या वस्तू नकोत. कुंभाराकडून एका बाजूने बंद अशी नळी करून घ्या, बोटाच्या दीडपट लांब, आणि नर आत गेला की त्याच्या अंगाला दोन्ही बाजूंनी जेमतेम लागेल एवढीच रुंद. फार मोठी असली तर मादी निघून जाते. बांबूचं पेर चालतं, जुनं कौल चालतं. खायला दोडका, काकडी, पालक उकळत्या पाण्यातून काढून. टाकीत लाकडाचा एक तुकडा हवाच. आणि वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. लोडशेडिंगच्या वर्षांत किती टाक्या अशा रिकाम्या झाल्या असतील! बॅटरीवरचा छोटा पंप जवळ ठेवा. मे महिन्यात टाकी ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, भिंतीच्या सावलीत. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि अंड्यांना तो बापाच्या पंख्यातूनच मिळतो.

पैशाचाही विचार करायला हरकत नाही. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरच्या परसात शोभेचे मासे वाढवण्याच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान अशी रचना होती. शेतीवर भिस्त ठेवून थकलेल्या घरातल्या एखाद्या सुनेला किंवा पोराला हे जमण्यासारखं आहे, असं आमचं मत.

पण इथे थांबायचं नाही, कारण कुळकथेचा दुसरा भाग राहिला. दुकानात ‘सकर’ म्हणून जे पिल्लू मिळतं ते बहुतेक वेळा ब्रिस्टलनोज नसतंच. ते असतं सेलफिन, टेरिगोप्लिक्थिस. बोटाएवढं घेता, दोन-तीन वर्षांत हातभर होतं. मग टाकी पुरत नाही, मारवत नाही, आणि माणूस ते नेऊन विहिरीत, तलावात, नदीत सोडतो. ‘जीव वाचवला’ म्हणून.

तिथे तो काय करतो? तेच, जे त्याचे सगळे भाऊबंद करतात. गुहा शोधतो, नसली तर खणतो. काठाच्या मातीत सुमारे मीटरभर खोल बिळं करून तिथे बाप बसतो. टाकीत ज्या सवयीचं आपल्याला कौतुक वाटलं, तीच काठ ढासळवते. मेक्सिकोच्या इन्फिएर्नियो जलाशयात चिलापीची मासेमारी या माशांनी पार बिघडवून टाकली. केरळात २००९ मध्येच अभ्यासकांनी इशारा दिला होता की पाळीव मासे उपद्रवी होत आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातल्या डीएनएवरून २०२४ मध्ये दाखवलं की पूर्व घाटातल्या सुमारे ६० टक्के पाणवठ्यांत तो पोचला आहे. उजनीच्या जलाशयातही भोई-कोळ्यांच्या जाळ्यात तो सापडू लागला. कातडी काटेरी, जाळं फाटतं, बाजारात किंमत नाही.

आणि आमच्या खारपाणाने तो अडेल, असं कोणी समजू नका. मेक्सिकोतल्या अभ्यासात तो निमखाऱ्या पाण्यातही तग धरून राहिला आहे. डबक्यात प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. थंडीने तो मरतो, पण त्याला साधारण ११ अंशांखालचं पाणी लागतं, आणि आपल्या नद्या एवढ्या गार होत नाहीत. संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या नाल्यात सोडलेला मासा वानेत, वानेतून पूर्णेत, पूर्णेतून चांगदेवला तापीत, तिथून हतनूरच्या जलाशयात. वाट सरळ आहे.

आपल्याकडे हे आधी घडलेलं आहे. चिलापी १९५२ मध्ये मुद्दाम आणली, १९५९ मध्ये सरकारी समितीनेच ती पसरवू नका म्हटलं, तोवर उशीर झाला होता. थाई मांगूरवर २००० मध्ये बंदी आली, तरी तो छुप्या तळ्यांत वाढतच राहिला. सकर कोणी धान्यासाठी, धंद्यासाठी आणला नाही. तो काच साफ करायला आला.

मागच्या वेळी व्याख्यानानंतर एकाने विचारलं, “सर, हा मासा खाता येते काय?” येतो. ॲमेझॉनच्या काठचे लोक खातात, चिलखतासकट विस्तवावर भाजून. पण जिथे तो नाही तिथे मुद्दाम सोडून खायचा विचार कोणी करू नये.

आता शेवटी दुकानात उभं राहून ओळखायचं कसं, तेवढं सांगतो. पाठीवरचा पर उघडलेला असताना त्यातले काटे-किरण मोजा. ब्रिस्टलनोजच्या परात साधारण आठ, सेलफिनच्या परात दहाहून जास्त, आणि तो पर शिडासारखा लांबलचक पाठभर पसरतो. दुकानदार म्हणेल, ‘भाऊ, दोन्ही सारखेच’. तुम्ही मोजा. ब्रिस्टलनोज वाढून वाढून तुमच्या पंजाएवढा होईल. दुसरा घरी आणलाच असेल तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या, आणि काहीच जमलं नाही तर बर्फात ठेवण्याऐवजी लवंगतेलाच्या पाण्यात गुंगी आणून संपवा आणि पुरून टाका. वानेच्या पुलावर पिशवी घेऊन जाऊ नका. प्रश्न असतील तर आता घेऊ.